नसलेले चुलत सासरे

मला रडू फार सहज येतं आणि या गोष्टीचा मला बरीच वर्षं अभिमान होता. शेजारच्या मुलीची पाठवणी असो, शाळेतल्या शिपायाचा निरोप समारंभ असो की प्रेशर कुकरच्या जाहिरातीतली आई असो, माझे डोळे भरून येतात. रडणारा माणूस मनानं चांगला असतो अशी माझी समजूत. मग एवढं रडणारी मी किती चांगली असेन, याचा हिशेब मी मनातल्या मनात केव्हाच उरकून टाकला होता.

तर त्या पाडव्याच्या दुपारी मी रडत होते. पुण्याला शिकणारी माझी लेक दिवाळीसाठी घरी आली होती आणि तिनं मोबाइलवरून टीव्हीला काहीतरी जोडून नाताळचा एक परदेशी सिनेमा लावला होता. हिंदीत डब केलेला. बाहेर नागपूरचं ऑक्टोबरचं ऊन, हॉलमध्ये फराळाचे डबे उघडे आणि टीव्हीवर गुडघाभर बर्फ. उंच इमारतीत, उंच टाचांच्या चपला घालून काम करणारी एक बाई वडिलांची बेकरी विकायला नाताळात गावी येते. तिथं तिला दाढीवाला एक चांगला माणूस भेटतो. त्याची लहान मुलगी तिच्या हातची बिस्किटं खाते. आणि नेमक्या सणाच्या आदल्या दिवशी तिच्या साहेबाचा फोन येतो की तुझं प्रमोशन झालं, उद्या सकाळी हजर हो. आता बाई काय करणार?

बाई काय करणार हे लेकीला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं आणि ती फक्त गंमत म्हणून बघत होती. मी मात्र ओढणीनं नाक पुसत होते. दिवाणावर माझे सासरे मांडी घालून, चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत बसले होते. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समोर काहीही चाललं असलं की त्यातली गाडी वेळेवर सुटते की नाही एवढंच ते बघतात.

"इची नोकरी पर्मनंट हाये का वं?" त्यांनी विचारलं.

"असेल बाबा."

"अन् राजीनामा देऊन राहिली? ग्रॅच्युइटीचं विचारलं नाई इनं कोनाले."

"आबा, लव्ह स्टोरी आहे ती," लेक म्हणाली.

"असंन. पन बेकरी तं तोट्यात हाये नं? तिचा बाप म्हने का आताच."

मी त्यांना गप्प बसायची खूण केली. मला त्यांचा रागच आला, कारण मी काही साधंसुधं रडत नव्हते. माझ्या दृष्टीनं तो सिनेमा माझाच होता.

झालं होतं असं. मी एका बँकेत क्लार्क आहे. आमच्याकडे क्लार्कचा ऑफिसर झाला की बदली ठरलेली, तीही लांब. म्हणून घरदार असलेल्या आम्ही बऱ्याच बायका वर्षानुवर्षं प्रमोशनच्या परीक्षेला बसतच नाही, आणि बसायचा आग्रह झालाच तर घरातलं एखादं कारण पुढे करतो. कुणाच्या मुलाची दहावी असते, कुणाच्या नवऱ्याची शुगर. दरवर्षी परीक्षेच्या सुमारास आमच्या शाखेतल्या बायकांच्या घराघरांत दुखणी उठतात. त्यात गैर काही आहे असं कुणालाच वाटत नाही. यंदा मात्र उत्तर प्रदेशातून आलेल्या नव्या मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना परीक्षेला बसवलंच. मी निश्चिंत होते. नापास होण्याच्या माझ्या क्षमतेवर माझा पूर्ण विश्वास होता. ऐनवेळी तिनंही दगा दिला.

पोस्टिंग आलं ते गडचिरोली जिल्ह्यातल्या, गडचिरोलीच्याही पुढच्या एका गावी. सुट्टी संपून बँक उघडली की हो किंवा नाही सांगायचं होतं. मौद्याच्या वीज केंद्रात शिफ्ट करणाऱ्या माझ्या नवऱ्यानं "तू ठरव" असं म्हणून डबा उचलला आणि ड्युटीला गेला. पाडव्यालाही त्याची ड्युटीच होती. दिवाळीत सगळ्या जिल्ह्याचे दिवे लागायचे तर कुणीतरी तिथं असायला हवंच.

आणि आता हा सिनेमा मला सांगत होता की खरं सुख घरात असतं. बारकाईनं पाहिलं असतं तर त्यात माझ्या सोयीचं फारसं काही नव्हतं. त्या बाईचं करिअर शहरात आणि घर खेड्यात होतं. माझं घर नागपुरात आणि करिअर जंगलात. तिला बर्फ, दाढीवाला आणि बेकरी मिळणार होती. मी राहिले तर मला तोच कॅश काउंटर, तीच फाटक्या नोटा घेऊन येणारी मंडळी आणि नवऱ्याच्या नाइट शिफ्टचा डबा. पण त्यागाची नशा चढली की माणूस बारकाईनं कशाला बघतो? सिनेमा संपला की मी उठणार, टीव्ही बंद करणार आणि सांगणार होते, "मी नाही जात. मले घर पाहिजे." सासऱ्यांचे डोळे पाणावणार. लेक गळ्यात पडणार. पुढची दोन वाक्यंही मी तयार ठेवली होती.

इतक्यात बेल वाजली.

बाई विमानतळावरून परत वळत होती. दाढीवाला बर्फातून धावत होता. मी रडत होते आणि मला बघून हसता हसता लेकीच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. घरात कोरड्या डोळ्यांचा माणूस एकच होता. तो उठला, चिवड्याचे हात धोतराला पुसले आणि दार उघडायला गेला.

इथं मला बँकेतली एक गोष्ट सांगायलाच हवी. चार वर्षांपूर्वी सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दोन दिवस रजा घेतली. परत गेल्यावर डबा खाताना शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीनं विचारलं, "बाबा कसे आहेत?" मी म्हटलं, "झोपूनच आहेत." खरंच होतं ते. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं, "अजून झोपूनच?" दुपारचे दोन वाजले होते. त्या वेळी ते घरी घोरत पडलेले असतात. मी म्हटलं, "हो ना." एवढंच. बाकीचं माझ्या मैत्रिणीनं, तिच्या मायाळू स्वभावानं आणि आमच्या डबा खाण्याच्या वेळेनं केलं. हळूहळू माझे सासरे अंथरुणाला खिळले. त्यांचं सगळं मी करते, असं शाखेत सांगितलं जाऊ लागलं. मी ते खोडून काढलं नाही, कारण परीक्षा जवळ आली होती आणि ऐकायला ते फार बरं वाटत होतं. मैत्रीण अधूनमधून पाठीला लावायचं तेल द्यायची. ते मी घरी आणून दिव्यात घालायचे.

दार उघडलं तर बाहेर मॅनेजरसाहेब उभे. हातात मोसंब्यांची पिशवी. मागे माझी मैत्रीण आणि तिच्या काखेत घडी केलेली हवेची गादी. झोपून असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घालतात ती. तिच्या आईची होती, आई गेल्यावर पडून होती. सणाच्या दिवशी आजाऱ्याला भेटून यावं, असं दोघांनी ठरवलं होतं.

"नमस्ते," साहेब म्हणाले. "मॅडम के ससुरजी को देखने आए हैं. चार साल से बिस्तर पर हैं न बेचारे."

मी हॉलमध्ये उठून उभी राहिले. सासऱ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीतून, न आलेल्या गाडीबद्दल शंभर माणसांना तोंड दिलेलं आहे. त्यांना विचार करायला फार वेळ लागला नाही.

"आओ, आओ," ते म्हणाले. "मैं उसका भाई. छोटा."

लेकीच्या तोंडातून शंकरपाळा बाहेर आला. ती खोकत खोकत आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्यामुळे आत आजारी माणूस आहे याला आपोआप पुष्टी मिळाली.

"अभीच आँख लगी उसकी," सासरे हळू आवाजात म्हणाले. "डाक्टर ने बोला, उठाना नहीं."

साहेबांनी लगेच आवाज खाली आणला. मैत्रिणीनं चपला न वाजवता काढल्या. मी त्यांना बसवलं, फराळाच्या बशा दिल्या, आणि माझे डोळे लाल दिसत होतेच, तेही कामाला आले. मैत्रिणीनं माझा हात दाबला. "किती करशील गं एकटी," ती म्हणाली, आणि मला पुन्हा रडू आलं. हे मात्र शुद्ध लाजेचं होतं.

सासरे दिवाणावर बसून स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलू लागले. त्यांनी फार छान बोलायला घेतलं. मोठ्या भावानं लय सोसलं, म्हणाले. तोंडाला चव राहिली नाही, म्हणाले. असं म्हणताना त्यांनी दोन चकल्या उचलल्या. "पन सून चांगली भेटली त्याले," ते मैत्रिणीला म्हणाले. "थे नसती तं केव्हाच गेला असता." मी जमिनीकडे बघत होते. आमच्या घरची फरशी इतकी नक्षीदार आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग साहेबांनी मूळ विषय काढला. मॅडम हुशार आहेत, पास झाल्या आहेत, पण बाबूजींमुळे यंदाही नाही म्हणणार असं शाखेत सगळे म्हणतात. मीही आग्रह कसा करू, म्हणाले. माणसाला आधी घर.

मी मान हलवायच्या बेतात होते. इतकी मेहनत घेऊन कुणी माझ्यासाठी वाट मोकळी केली असताना फक्त मान हलवायची होती. तेवढ्यात सासरे बोलले.

"उसको मैं देखता न, साब. मैं अब इधरच रहता. इनको जाने दो."

"आप?" साहेब म्हणाले.

"हां तो. मेरा सगा भाई है. मैं नहीं देखेगा तो कौन देखेगा?"

साहेबांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की शेवटी विमानतळावरून परत आलेल्या त्या बाईलाही एवढा झाला नसेल. त्यांनी उठून सासऱ्यांचे दोन्ही हात हातात घेतले. आजकल ऐसे भाई कहाँ मिलते हैं, म्हणाले. मैत्रिणीनं पदरानं डोळे टिपले. मग दोघांनी मिळून चुलत सासऱ्यांना हवेची गादी कशी फुगवायची ते शिकवलं, आणि त्यांनीही ते दोनदा विचारून नीट समजून घेतलं.

ते गेले. दार लागलं. आतल्या खोलीतून लेक बाहेर आली, आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि फराळाच्या बशा गोळा करून स्वयंपाकघरात निघून गेली. टीव्हीवर बर्फात नावं वर सरकत होती.

सासरे दिवाणावर बसले. चिवड्याचा डबा पुढे ओढला. मग म्हणाले, "काय झालं होतं मले?"

"काय?"

"आजार कोनता? साहेबानं विचारलं असतं तं काय सांगाव मी?"

"नाव नव्हतं ठेवलं बाबा."

"बाप्पा! चार सालापासून झोपून हावो, अन् आजाराले नाव नाई."

मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. मोसंब्यांची पिशवी त्यांनी पायाजवळून बाजूला सरकवली. मला त्यांची माफी मागायची होती, पण त्याऐवजी मी तयार ठेवलेलं भाषण करून टाकलं. मी कुठंच जाणार नाही, मले घर महत्त्वाचं हाये, नोकरी आज आहे उद्या नाही, असं सगळं. सिनेमात ते संगीतासकट होतं. आमच्या हॉलमध्ये फक्त पंखा कुरकुरत होता आणि माझं मलाच ते ऐकवेना.

"घर तं महत्त्वाचंच हाये," ते म्हणाले. "पन मी इथं चांगला हावो. नवरा तुहा चांगला हाये. पोरगी पुन्याले. मंग तू कोनासाठी थांबून राहिली?"

"तुमच्यासाठीच नं."

"मले मधात नको घेऊ वं बाई. आजच उठलो मी अंथरुणातून." हे म्हणताना मात्र ते थोडे हसले. मग गंभीरपणे म्हणाले, "मले काढून टाक. अन् मंग सांग, काहून नाई जायचं?"

मी त्यांना काढून टाकलं आणि कारण शोधू लागले. लेक काढली, नवरा काढला, त्याचा डबा काढला. खाली काय उरलं ते बघून मला फार शरम वाटली. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. शे-दोनशे लोक दररोज माझ्यापुढून पैसे मोजून नेतात. आणि माझ्याजवळ उरलेलं कारण लहान मुलीचं होतं.

"मले भेव वाटते बाबा," मी म्हटलं. "मी आजवर एकटी झोपली नाई कधी. माहेरी बहिणी होत्या. मंग इथं आली. यांची नाइट असली तरी भिंतीपल्याड तुम्ही राहता. तिथं खोली घ्यावी लागन, रात्री कडी लावाव लागन, अन् आत मी एकटीच. आवाज झाला तं उठून कोनाले सांगू?"

हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. सासऱ्यांना सांगून बसले आणि आता ते मोठ्यानं हसणार अशी मला खात्री होती.

"मी बी नव्हतो झोपलो," ते म्हणाले.

मला नीट समजलं नाही.

"घरात आम्ही नऊ जन. मंग तुही सासू. डेपोत नाइट राहे तं बाकावर चार कंडक्टर संगं राहत. तुही सासू गेली तवा पयल्यांदाच त्या खोलीत एकटा झोपलो. सत्तरीले आलो होतो तवा." ते हाताच्या बोटांकडे बघत होते. "पयले काई दिवस झोप नाई येत. मंग येते."

एवढंच म्हणाले. ती खोली माझ्या खोलीला लागून आहे. मधली भिंत एवढी पातळ की त्यांचं घोरणं आम्हाला ऐकू येतं, आणि त्या दिवसांत ते ऐकू येत नव्हतं हे मला त्या वेळी जाणवलंसुद्धा नव्हतं. सासूबाईंसाठी मी तेव्हा मनसोक्त रडले होते. सगळ्या नातेवाइकांनी ते पाहिलं होतं. भिंतीपलीकडे जागा असलेला माणूस मात्र माझ्या ध्यानात आला नाही.

बँक उघडली त्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि हो म्हणून आले. साहेबांनी आधी चुलत सासऱ्यांची चौकशी केली. मी म्हटलं, दोघंही बरे आहेत. ते खोटं मी तसंच राहू दिलं. एवढ्या चांगल्या माणसाचा विरस करायला मला धीर झाला नाही, आणि धीर मला आता दुसऱ्या कामासाठी जपून वापरायचा होता.

संध्याकाळी घरी आले. नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो "अरे वा" म्हणाला आणि मग जरा थांबून "कुकरला शिट्ट्या किती द्यायच्या?" असं विचारलं. लेक पुण्याला परतायची बॅग भरत होती, तिनं बॅगेवर उभं राहून उडी मारली. सासरे व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मी जाऊन सांगितलं.

"चांगलं झालं," ते म्हणाले. तिकडे गाड्या कोणत्या जातात, चंद्रपूरकडून की ब्रह्मपुरीकडून, रस्ता कुठं खराब आहे, असं बरंच सांगितलं. मी ऐकत उभी होते. मला हलकं वाटत होतं आणि थोडा गर्वही. मग ते थांबले. रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं,

"शनवारी येशीन नं?"

"येईन नं. दुसऱ्या अन् चौथ्या. त्या दोन शनिवारी बँक बंद राहते."

त्यांनी मान हलवली. फाटकाजवळून दोन सायकली गेल्या.

"अन् पयल्या-तिसऱ्याले?"

लेक उद्या जाणार होती. नवरा शिफ्टला. साहेबांपुढे छातीठोकपणे "उसको मैं देखता" म्हणणारा तो धाकटा भाऊ या घरात नव्हताच. कधीच नव्हता. हे त्यांना ते वाक्य बोलतानाही माहीत होतं, आणि तरी ते बोलले होते.

"पहिल्या-तिसऱ्याले बँक चालू राहते बाबा," मी म्हटलं. "संध्याकाळी निघाली तं पोचेपर्यंत रात्र होईन. अन् रविवारी जेवलं का लगेच परत निघाव लागन."

"मंग नको येऊ," ते म्हणाले. "दमशीन."

मी चहा ठेवायला आत वळले. दारात पोचले तोवर मागून त्यांचा आवाज आला.

"आली तं चालन."